लॅपटॉपचा बिघाड : दोष कोणाच्या मागे जातो?

हिंगोली जिल्ह्यातील ज्या कामांसाठी एके काळी दप्तर, दौत आणि कारकून एवढा सरंजाम पुरत असे, त्यांतील बहुतेक कामे आज लॅपटॉपवाचून अडतात. तलाठी ई-फेरफाराच्या नोंदी त्यावरच घेतात. आपले सरकार सेवा केंद्राचा चालक जातीच्या दाखल्यापासून पीकविम्याच्या अर्जापर्यंतचा सारा कारभार त्यावरच उरकतो. वसमतच्या मोंढ्यातील अडत्या हळदीच्या पट्ट्या त्यावरच करतो. आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्याचे प्रवेश, शिष्यवृत्ती व परीक्षा या तिन्ही गोष्टी त्याच एका यंत्रावर येऊन ठेपलेल्या असतात. अशा यंत्राने मुदतीच्या तोंडावर मान टाकली, म्हणजे सेनगाव वा कळमनुरीकडील माणूस ते पिशवीत घालून हिंगोली, नाहीतर थेट नांदेड गाठतो. आणि तेथे त्याच्या पदरी बहुधा दोनपैकी एक निकाल पडतो : ‘मदरबोर्ड गेलाय’, किंवा ‘फॉरमॅट मारावा लागेल’. पहिल्या निकालाने खिसा रिकामा होतो, दुसऱ्याने वर्षभराचे दस्तऐवज पुसले जाण्याची वेळ येते. आणि यांपैकी कोणताही निकाल चुकीचा असू शकतो. यास्तव घराबाहेर पडण्यापूर्वीच दोष यंत्राच्या अवयवांत, म्हणजे हार्डवेअरमध्ये आहे की त्यावर चालणाऱ्या आज्ञावलीत, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये आहे, याची शहानिशा ज्याची त्याने करून घेणे हिताचे असते. आणि ती करण्यास पेचकस लागत नाही, थोडी शिस्त लागते.

रूपावरून निदान नको

पहिली अडचण अशी की, दोन्ही प्रकारच्या दोषांचा मुखवटा पुष्कळदा एकच असतो. यंत्र मंद चालणे, मध्येच गोठणे, निळा पडदा दाखवून पुन्हा सुरू होणे ही लक्षणे झिजलेल्या डिस्कनेही निर्माण होतात आणि फसलेल्या अपडेटनेही. ताप नुसता आहे एवढ्यावरून तो हिवतापाचा की विषमज्वराचा हे जसे सांगता येत नाही, तसेच हे आहे. म्हणून दोष कसा दिसतो यापेक्षा, एकेक गोष्ट बदलून पाहिली असता तो कोणाच्या मागे जातो, हे पाहणे हाच निदानाचा खरा मार्ग होय.

या मार्गाचा एक नामांकित दाखला १९९४ सालचा आहे. अमेरिकेतील लिंचबर्ग महाविद्यालयाचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली हे जुळ्या मूळसंख्यांच्या व्यस्तांची बेरीज संगणकाकडून करवून घेत असता त्यांना उत्तरांत बारीकशी विसंगती आढळली. अशा वेळी पहिला संशय स्वतः लिहिलेल्या आज्ञावलीवर जावा हे स्वाभाविकच होते. परंतु त्यांनी एकेक संभाव्य कारण क्रमाने बाजूस सारीत नेले, तेच गणित वेगवेगळ्या संगणकांवर करून पाहिले, आणि जुन्या ४८६ जातीच्या प्रोसेसरवर जे उत्तर अचूक येत होते तेच नव्या पेंटियमवर चुकत होते, असे त्यांच्या ध्यानी आले. गणित तेच, यंत्र बदलले, आणि दोष यंत्राच्या मागे गेला. अखेर इंटेल कंपनीला सदोष प्रोसेसर बदलून देणे भाग पडले आणि त्यापायी ४७ कोटी ५० लाख डॉलरचा भार सोसावा लागला.

याच्या नेमका उलट दाखला १९ जुलै २०२४ या दिवसाचा. त्या दिवशी जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून ठप्प झाले, विमानतळांवर प्रवासी खोळंबले, रुग्णालयांचे कामकाज विस्कटले. आणि तरीही त्या संगणकांचा एकही अवयव नादुरुस्त नव्हता. क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या संरक्षक आज्ञावलीसाठी धाडलेली एक सदोष फाइल हे त्या अनर्थाचे कारण होते, आणि ती फाइल काढून टाकताच तीच यंत्रे पूर्ववत चालू लागली.

या पद्धतीचे भव्य रूप ज्या प्रयोगात दिसते, त्याची भारतातील वेधशाळा आपल्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात उभी राहावयाची आहे. गुरुत्वीय लहरींचा वेध घेणाऱ्या या लायगो-इंडिया प्रकल्पास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. अमेरिकेत अशा दोन वेधशाळा सुमारे ३,००० किलोमीटर अंतरावर आहेत, आणि त्या दोन असण्यातच त्यांचे मर्म आहे : एकाच ठिकाणी उमटलेली थरथर ही तेथील वाहनाची, वाऱ्याची किंवा भूकंपाची असू शकते, परंतु १४ सप्टेंबर २०१५ रोजी जी खूण दोन्ही वेधशाळांत सुमारे ७ मिलिसेकंदांच्या अंतराने उमटली, तिचे कारण दोघींनाही सामायिक असेच असले पाहिजे, असा तर्क करता आला. लॅपटॉपच्या बाबतीत हाच तर्क असा मांडता येईल : त्याच यंत्रावर दोन निरनिराळ्या, परस्परांशी संबंध नसलेल्या आज्ञावली चालवून पाहाव्या, दोष दोहोंत उमटला तर तो त्यांना सामायिक असलेल्या यंत्राचा, आणि एकीतच उमटला तर तो बहुधा त्या एकीचा.

आधी कैफियत, मग तपासणी

प्रयोगास हात घालण्यापूर्वी दोन कामे करावी. पहिले असे की, यंत्र अद्याप सुरू होत असेल तर महत्त्वाच्या फायली तत्काळ दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्या. कारण दोष डिस्कमध्ये असेल तर तपासणीचा प्रत्येक तास तिच्या उरलेल्या आयुष्यातून वजा होत असतो. दुसरे असे की, तक्रारीचा तपशील कागदावर लिहून काढावा : दोष प्रथम कोणत्या दिवशी दिसला, तो नेहमी येतो की अधूनमधून, चार्जर लावला असता येतो की बॅटरीवरही येतो, आणि त्याच्या आदल्या दिवशी काय घडले होते. अपडेट झाले होते काय, नवा अँटिव्हायरस घातला होता काय, यंत्र पडले होते काय, की पावसात वीज कडाडून दिवे मिणमिणले होते? पडद्यावर संदेश उमटत असेल तर तो वाचून सोडून न देता मोबाइलवर त्याचे छायाचित्र घ्यावे. विंडोजमध्ये ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ नावाची एक नोंदवही आपोआप लिहिली जात असते. कोणत्या तारखेस काय बसविले गेले आणि कोणत्या तारखेपासून काय कोसळू लागले, हे तीत शेजारी शेजारी दिसते, आणि पुष्कळ प्रकरणांचा उलगडा त्या दोन तारखांच्या मेळातूनच होतो.

आरंभाचे टप्पे

लॅपटॉप सुरू होताना ठराविक टप्प्यांतून जातो : आधी वीज पोहोचते, मग यंत्र स्वतःच्या अवयवांची हजेरी घेते, मग कंपनीचे चिन्ह उमटते, मग डिस्कवरील विंडोज जागे होते आणि शेवटी आपली नेहमीची कामे चालू होतात. गाडी कोणत्या टप्प्यावर अडते याला मोठे महत्त्व आहे. कळ दाबूनही दिवा लागत नाही, पंखा हलत नाही, अथवा कंपनीचे चिन्ह उमटण्यापूर्वीच यंत्र बंद पडते, तर विंडोजला दोष देण्याचे कारण नाही, कारण त्याची पाळीच अजून आलेली नसते. अशा वेळी चार्जर काढून, आणि बॅटरी निघण्याजोगी असल्यास तीही काढून, सुरू करण्याची कळ अर्धे मिनिट दाबून धरावी व मग पुन्हा प्रयत्न करावा. आत साचून राहिलेल्या विद्युतभारामुळे अडलेले यंत्र एवढ्यानेही कित्येकदा चालू होते. कळ दाबल्यावर ठराविक संख्येने बीप वाजत असतील किंवा दिवा लुकलुकत असेल, तर ती गणती लिहून ठेवावी. ती यंत्राने सांकेतिक भाषेत दिलेली जबानीच असते, आणि तिचा अर्थ त्या त्या कंपनीच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो.

याउलट चिन्ह नीट उमटते, विंडोजचे दारही उघडते, आणि बिघाड एखादाच कार्यक्रम सुरू केल्यावर येतो, तर संशयाचा रोख आज्ञावलीकडे वळवावा.

त्याच यंत्रावर दुसरी आज्ञावली

आता मुख्य प्रयोग. विंडोजला वगळून यंत्र पाहण्याच्या तीन पायऱ्या आहेत, आणि त्या सोप्याकडून कठिणाकडे अशा क्रमाने चढाव्या.

पहिली पायरी बायोसची. यंत्र सुरू होताना डेल, एसर व असुसच्या बहुतेक लॅपटॉपवर एफ-२, आणि एचपीवर एफ-१० ही कळ दाबली असता जो साधा पडदा उघडतो, त्याचा विंडोजशी काही संबंध नसतो. तेथे काही न बदलता यंत्र अर्धा तास तसेच राहू द्यावे. येथेही पडदा थरथरला, कळा उमटल्या नाहीत किंवा यंत्र आपोआप बंद पडले, तर दोष हार्डवेअरचा, हे जवळजवळ निश्चित. याच ठिकाणी डिस्कचे नाव दिसते की नाही हेही पाहावे; ते दिसत नसेल तर विंडोज पुन्हा घालण्याचे पैसे कोणास देऊ नयेत, कारण जी डिस्क यंत्राच्या हजेरीपटावरच नाही तिच्यावर काहीही घालता येणार नाही. डेलमध्ये एफ-१२ च्या यादीतून आणि एचपीमध्ये एफ-२ ने कंपनीची स्वतःची हार्डवेअर चाचणी चालविता येते. ती फुकट असते, आणि तिने दिलेला दोषक्रमांक हमीच्या दाव्यात उपयोगी पडतो.

दुसरी पायरी सेफ मोडची. शिफ्ट कळ दाबून धरून रीस्टार्ट निवडले, आणि पुढे ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज या मार्गाने जाऊन ४ ही कळ दाबली, म्हणजे विंडोज अगदी मोजक्या ड्रायव्हरांनिशी, म्हणजे अवयव चालविणाऱ्या आज्ञावलींनिशी, उघडते. येथे दोष नाहीसा झाला, तर नंतर बसविलेला एखादा ड्रायव्हर किंवा कार्यक्रम त्याच्या मुळाशी असण्याचा संभव मोठा.

तिसरी पायरी पेन ड्राइव्हवरील दुसऱ्या कार्यप्रणालीची. आठ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह घेऊन त्यावर उबुंटू उतरवावे, त्यावरून यंत्र सुरू करावे आणि ‘ट्राय’ हा पर्याय निवडावा. ‘इन्स्टॉल’ या पर्यायास मात्र स्पर्श करू नये, नाहीतर तपासणीच्या नावाखाली डिस्क पुसली जाईल. येथे एक विवेक राखला पाहिजे. उबुंटूत वायफाय चालले, तर वायफायचा अवयव शाबूत असल्याचा तो पक्का पुरावा होय. ते चालले नाही, तर मात्र तो केवळ संशय, कारण त्या अवयवाचा ड्रायव्हर उबुंटूजवळ नसणेही शक्य आहे. चालण्याने सिद्ध होते तेवढे न चालण्याने होत नाही, हे सर्वच चाचण्यांत ध्यानी ठेवावे.

या तिन्ही पायऱ्यांपूर्वी एक खबरदारी : पुष्कळ नव्या लॅपटॉपची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असते, आणि आरंभाच्या क्रमात फेरफार दिसताच ते ४८ अंकी किल्ली मागते. ती किल्ली बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. ती आधी शोधून कागदावर उतरवून घ्यावी.

अवयवांची पृथक् तपासणी

पडद्यावर रेघा किंवा डाग दिसत असतील तर स्क्रीनशॉट घेऊन तो मोबाइलवर पाहावा. रेघा त्या चित्रातही आल्या असतील तर दोष चित्र घडविणाऱ्या भागात, म्हणजे ग्राफिक्सच्या ड्रायव्हरमध्ये वा चिपमध्ये. चित्र स्वच्छ असेल तर दोष पडद्यात किंवा त्याच्या केबलीत. झाकण पुढे-मागे केल्याने रेघा बदलत असतील तर बिजागरीपाशी दबलेली केबल बहुधा दोषी. पडदा काळा असून यंत्र चालू असल्याचे ऐकू येत असेल, तर त्यावर तिरपा टॉर्च धरावा. अंधूक चित्र दिसले तर केवळ मागचा प्रकाश गेलेला असतो. एचडीएमआयने जोडलेल्या टीव्हीवर चित्र नीट आले, तर ‘मदरबोर्ड गेलाय’ हा निकाल मान्य करण्यापूर्वी फेरविचाराची मागणी बेलाशक करावी.

उष्णता हा आपल्या भागातील विशेष विषय. वैशाखात पारा चाळिशीच्या पुढे गेला, आणि त्यातच मोंढ्यातील धूळ पंख्याच्या जाळीत बसली, म्हणजे भार वाढताच प्रोसेसर शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचतो. मग तो आधी स्वतःचा वेग उतरवितो आणि तेवढ्याने न भागल्यास यंत्र बंद करतो. तेच काम पहाटे सुरळीत होते आणि दुपारी होत नाही, हा उष्णतेचा ठसा होय. परंतु पंखा घोंघावतो एवढ्यावरून धुळीस दोष देण्यापूर्वी टास्क मॅनेजर उघडून पाहावे. आपण काहीच करीत नसता एखादा कार्यक्रम प्रोसेसरचा बहुतांश वाटा खात बसला असेल, तर ती उष्णता आज्ञावलीने निर्माण केलेली असते.

डिस्कची प्रकृती क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकट मिळणाऱ्या कार्यक्रमाने कळते. तेथे ‘गुड’ ऐवजी ‘कॉशन’ वा ‘बॅड’ असा शेरा दिसला, तर मंदपणावर फॉरमॅट हा उपाय नव्हे. जुन्या फिरत्या डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर यंत्र तत्काळ बंद करावे. रॅमची परीक्षा ‘विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक’ने किंवा रात्रभर चालविलेल्या मेमटेस्ट-८६ ने होते. निळ्या पडद्याच्या बाबतीत एक ढोबळ पण उपयुक्त खूण अशी : दर वेळी तोच संदेश आणि त्याच ड्रायव्हरचे नाव येत असेल तर संशय आज्ञावलीवर, दर वेळी निराळा संदेश, निराळ्या कामात येत असेल तर संशय रॅमवर किंवा उष्णतेवर.

वायफाय, आवाज, कॅमेरा यांसाठी डिव्हाइस मॅनेजर पाहावा. त्या अवयवाचे नाव पिवळ्या त्रिकोणासह दिसत असेल तर बहुधा ड्रायव्हर पुन्हा घालून काम भागते. नावच यादीतून गायब असेल तर तो अवयव सैल झाला, बंद केला गेला किंवा निकामी झाला, असे समजावे. तत्पूर्वी मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडून पाहण्यास विसरू नये; तेथे सारे नीट चालत असेल तर अपराधी लॅपटॉप नव्हे, घरातील राउटर अथवा त्याची लाइन.

वेषांतर केलेले दोष

काही दोष जाणूनबुजून दिशाभूल करावी तसे भासतात. त्यांची ओळख आधीच असलेली बरी. ‘ही साइट सुरक्षित नाही’ असे सांगून एकामागून एक सरकारी संकेतस्थळे उघडेनाशी झाली, म्हणजे इंटरनेटला किंवा व्हायरसला दोष दिला जातो. परंतु पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख काही वर्षांपूर्वीची दिसत असेल, तर जुन्या लॅपटॉपमधील नाण्याएवढी सीएमओएस बॅटरी संपलेली असते, आणि चुकीच्या तारखेमुळे सुरक्षेचे दाखले मुदतबाह्य वा अवेळी ठरत असतात. हा किरकोळ खर्चाचा हार्डवेअर-दोष आज्ञावलीचे सोंग घेऊन येतो.

कर्सर आपोआप उड्या मारू लागला की टचपॅड गेला असे मानले जाते. चार्जर काढून पाहावा. उड्या थांबल्या तर दोष ना टचपॅडचा ना विंडोजचा. तो नकली चार्जरचा किंवा अर्थिंग नसलेल्या सॉकेटचा असतो, आणि धातूच्या अंगास हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर त्याची रुजुवात आपोआप होते. चार्जर बदलताना व्होल्टचा आकडा मूळ चार्जरच्या बरोबरीचा, आणि वॅटचा आकडा मूळ आकड्याहून कमी नसलेला, असा घ्यावा.

बॅटरी ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबते आणि पुढे भरत नाही, ही तक्रार तर कित्येकदा तक्रारच नसते. आयुष्य वाढावे म्हणून कंपनीच्या आज्ञावलीने घातलेली ती मर्यादा असते. बॅटरीची खरी झीज पाहावयाची असल्यास कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ या आज्ञेचा बॅटरी-अहवाल काढावा आणि मूळ क्षमतेशी आजच्या पूर्ण क्षमतेची तुलना करावी. तसेच इंग्रजी कळ दाबली असता मराठी अक्षर उमटते, म्हणून कळफलक टाकून देऊ नये. विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबली गेल्याने लिपी बदललेली असते, आणि त्याच कळांनी ती परतही येते.

कोठे थांबावे

बॅटरी फुगून टचपॅड वर उचलला गेला असेल, आत पाणी गेले असेल किंवा जळका वास येत असेल, तर कोणताही प्रयोग न करता यंत्र बंद करून चार्जर दूर करावा. फुगलेली बॅटरी दाबू वा टोचू नये, ती पेट घेऊ शकते. भिजलेला लॅपटॉप तांदळाच्या पोत्यात ठेवल्याने आतील क्षार निघत नाहीत. तो उघडून स्वच्छ करणाऱ्याकडेच न्यावा लागतो.

दुकानात जाताना यंत्राबरोबर एक चिठ्ठी द्यावी आणि तिची प्रत स्वतःजवळ ठेवावी. तीत कंपनी, मॉडेल व अनुक्रमांक, दोषाचे वर्णन, बायोसमध्ये, सेफ मोडमध्ये आणि पेन ड्राइव्हवर काय आढळले ते, आणि ‘लेखी संमतीवाचून डिस्क पुसू नये’ हे वाक्य, एवढा मजकूर असावा. काढलेला जुना भाग परत मागावा, नव्या भागाच्या हमीसह रीतसर पावती घ्यावी, आणि यंत्र ताब्यात घेण्यापूर्वी ज्या प्रयोगात दोष दिसला होता तोच प्रयोग दुकानदारासमोर पुन्हा करून पाहावा. दोष जेथे दिसत होता तेथेच तो दिसेनासा झाला, तर दुरुस्ती झाली. दुसरीकडे कोठे काही चालू झाले एवढ्यावर पैसे मोजू नयेत.